एकट्याने कीबोर्ड वाजवताना गाण्यांचे शब्द आणि पट्ट्या कशा सांभाळता?

एकटाच ऑर्केस्ट्रा

नमस्कार मंडळी. नागपुरात रिसेप्शन, साठी-पंच्याहत्तरी, सोसायटीचा गणपती, १४ एप्रिलचे कार्यक्रम असं सगळं वाजवतो. एकटाच. स्टाइल, म्हणजे कीबोर्डची तयार ताल-साथ, लावायची, डाव्या हाताने कॉर्ड धरायचे, उजव्याने म्युझिक काढायचं आणि वरून गायचंही. अरेंजर कीबोर्ड आहे, एका बँकेत दहा रजिस्ट्रेशनं बसतात, म्हणजे टोन-स्टाइल-टेम्पो साठवलेली दहा बटणं.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली शब्दांची. भावगीतं, जुनी हिंदी, गझला, भीमगीतं धरून गाणी तीनशेच्या घरात गेली. मुखडा आणि पहिला अंतरा झोपेतही येतो, दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ मात्र नेमकी ऐन वेळी दडी मारते. ती ओळ सापडली की पुढचं आपोआप येतं. वही एवढी जाड झालीय की पान उलटायला डावा हात उचलावा लागतो, आणि तोवर स्टाइल मागचाच कॉर्ड धरून बसते.

दुसरी पट्टीची. माझा गळा काळी एकचा, म्हणजे माझा सा सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुरावर. पण यजमानांकडचं कुणी ना कुणी माइक मागतंच. नवरदेवाची आत्या, बँकेतले साहेब, कराओके क्लबात जाणारे काका. "माझी काळी पाच" असं सांगणारं कुणी भेटलं तर पाया पडावंसं वाटतं. बाकीचे म्हणतात, "तुम्ही सुरू करा, मी पकडतो."

तुम्ही हे कसं निभावता? वही की टॅब? ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून बटणाने पट्टी सरकवणं, की बोटं बदलून?

पेटीवाले काका

भाऊ, आमच्या वेळी ट्रान्सपोजचं बटन नव्हतं तं काय गाणी झाली नाहीत काय? गायकानं बोट दाखवलं की त्या पट्टीत वाजवावं लागे, मग ती काळी दोन असो का पांढरी सात. आता पोट्टे एक पांढरी एक शिकून राहिले आणि बाकी सगळं बटनावर सोडून राहिले. कार्यक्रमात बटन अडकलं तं काय करसान?

बाराही पट्ट्या रोज घोटा म्हणत नाही. पण काळी एक, काळी चार, काळी पाच आणि पांढरी चार एवढ्या तरी हाताखाली पाह्यजेत. नागपुरातली निम्मी मैफल यातच निघते.

बटणबहाद्दर

काका, राग मानू नका, पण स्केल चेंजर पेटी तुमच्याच पिढीने डोक्यावर घेतली होती ना? त्यात अख्खा कीबोर्ड सुरांवरून बाजूला सरकतो आणि बोटं तीच राहतात. माझं बटण तेच करतं, फक्त आवाज न करता.

एकटाच भाऊ, तुम्ही गाता आहात, वाजवता आहात, स्टाइल बदलता आहात, यजमानाच्या मुलाला केबलवरून बाजूला हो म्हणता आहात. अशा वेळी काळी दोनचे कॉर्ड बोटांनी शोधण्यात मेंदू खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी सगळी मेजर गाणी (शुद्ध ग ची) पांढरी एकच्या आकारात वाजवतो आणि मायनर गाणी (कोमल ग ची) पांढरी सहाच्या, म्हणजे ए मायनरच्या आकारात. बाकी ट्रान्सपोज.

मेजरची मोजणी अशी: पांढरी एक शून्य, काळी एक अधिक १, पांढरी दोन अधिक २, काळी दोन अधिक ३, पांढरी तीन अधिक ४, पांढरी चार अधिक ५. काळी तीन बरोबर मध्यात, अधिक ६ घ्या की उणे ६, तुमची मर्जी. तिथून पुढे खालच्या बाजूने या: पांढरी पाच उणे ५, काळी चार उणे ४, पांढरी सहा उणे ३, काळी पाच उणे २, पांढरी सात उणे १.

गोची मायनरला होते. तिथे मोजणी पांढरी सहापासून सुरू होते. म्हणजे काळी चारचं मायनर गाणं उणे १ वर येतं, उणे ४ वर नाही. काळी एकचं मायनर अधिक ४. भैरवीच्या अंगाची गाणीही मी, सा कुठे आहे ते बघून, याच मोजणीत टाकतो. दोन्ही तक्ते वेगवेगळ्या रंगात लिहून कीबोर्डच्या कडेला चिकटवा. घाईत माणूस हमखास मेजरचा आकडा मायनरला लावतो आणि मग आत्याबाई तीन सूर खाली गडगडतात.

आणखी एक. उणे ४-५ वर गेलं की सगळंच खाली सरकतं. बासरी घोगरी लागते, बास गुरगुरतो. लीडच्या टोनला ऑक्टेव्ह एक वर द्या. ढोलकी-ड्रमवर काही परिणाम नाही, ते जागचे हलत नाहीत.

पेटीवाले काका

स्केल चेंजर माझ्याकडे आहे. अजून आहे. पण ती सरकवाले मैफल थांबवावी लागते, म्हणून माणूस विचार करून सरकवतो. बटन दाबाले काही लागत नाही, हाच तं त्याचा रोग आहे.

ठेकेदार

तबल्याच्या बाजूने थोडं बोलतो. एकटाच भाऊ म्हणतात एकटाच, पण गझलेच्या कार्यक्रमाला तबला लागतोच, आणि मग ट्रान्सपोजवाले आमच्या जिवावर उठतात. माझा दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी एकचा. काळी एकच्या गाण्यात तो सा वर वाजेल. काळी तीनच्या गाण्यात तोच सूर पंचम होतो, काळी चारच्या गाण्यात मध्यम होतो. म्हणजे एका तबल्यात तीन पट्ट्या ऐटीत निघतात. तुम्ही मध्येच "ताईंसाठी पांढरी चार करूया" म्हणालात की मी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतो आणि निवेदक शेर सांगत वेळ काढतो.

तेव्हा यादी करताना गाणी पट्टीच्या गटाने लावा. काळी एक, तीन, चार एकत्र. काळी पाचची वेगळी, मध्यंतरानंतर. पावसाळ्यात तर पुडी आपसूक उतरते, तेव्हा पट्टी बदलण्याचं नावच काढू नका.

गळेपडू

मी गाणारी, वाजवणारी नाही. पण "तुम्ही सुरू करा, मी पकडतो" हे वाक्य माइकच्या दुसऱ्या बाजूने बरंच ऐकलंय, म्हणून लिहिते.

हौशी माणसाला पट्टी विचारूच नका. अंतरा विचारा. लोक मुखडा गुणगुणून दाखवतात, आणि मुखडा बहुतेक वेळा मध्य सप्तकात आरामात बसलेला असतो. तुम्ही त्यावरून पट्टी देता आणि अंतऱ्यात तार सप्तक आलं की गळ्याची शीर फुगते. म्हणून स्टेजच्या मागे किंवा जेवणाच्या रांगेत त्यांना गाण्यातली सगळ्यात उंच ओळ साथीशिवाय म्हणायला सांगा. ती जिथे सहज, मान न ताणता लागते, तो सूर कीबोर्डवर शोधा.

समजा त्या ओळीत सगळ्यात वर तार सप्तकातला शुद्ध ग आहे आणि आत्याबाईंना तो काळी एकवर सुखाने लागला. शुद्ध ग हा सा पासून चार सूर वर, पांढरे-काळे सगळे मोजून. काळी एकवरून चार मागे या: पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा. झाली पट्टी. बटणबहाद्दर दादांच्या हिशोबाने मेजर असेल तर उणे ३. मग मुखड्यातला सगळ्यात खालचा सूर एकदा म्हणून घ्या. तो पुटपुटल्यासारखा आला तर एक पट्टी वर, बस.

स्त्री-पुरुषांचं द्वंद्वगीत घरच्या जोडप्याला गायचं असतं तेव्हा दोघांची सोय एका पट्टीत होत नाही. अशा वेळी बाईंच्या सोयीची पट्टी द्या. बुवा खालच्या सप्तकात जाऊन वेळ मारून नेतात, बाईंना ती सोय नसते.

एकटाच ऑर्केस्ट्रा

ताई, जेवणाच्या रांगेत अंतरा म्हणून घ्यायची कल्पना भन्नाट आहे. तर्री वाढणारे पण ऐकतील.

काका आणि बटणबहाद्दर, तुमचं भांडण चालू द्या, मला दोन्हीकडून फायदा होतोय. शब्दांबद्दल कुणी सांगा ना.

पान उलटा

मी टॅबवर गेलो ते परत वहीवर आलो नाही, पण टॅब म्हणजे सगळं सुटलं असं नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी फाँट. वर्षानुवर्षं टाइप केलेल्या गाण्यांच्या फाइली बहुतेकांच्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतात. त्या टॅबवर उघडल्या की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. दोन उपाय: युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, किंवा ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे तिथूनच पीडीएफ करा. पीडीएफ दिसायला ठीक, पण तिच्यात शोध लागत नाही आणि कॉर्डही बदलता येत नाहीत. मी कंटाळा न करता हळूहळू सगळं युनिकोडात केलं.

मग कॉर्ड. शब्दांच्या वरच्या ओळीत स्पेस देऊन कॉर्ड लिहू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, जोडाक्षर आलं की रुंदी पुन्हा बदलते. फाँट थोडा मोठा केला की कॉर्ड भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. कॉर्डप्रो नावाची साधी पद्धत आहे, त्यात कॉर्ड त्या अक्षराच्या आधी चौकटी कंसात ओळीतच लिहितात. ॲप तो उचलून बरोबर अक्षराच्या डोक्यावर दाखवतं आणि ट्रान्सपोजही करून देतं. अँड्रॉइडवर मोबाइलशीट्स, आयपॅडवर ऑनसाँग, दोन्हीला हे चालतं. मात्र तुम्ही बटणबहाद्दरांच्या पद्धतीने वाजवणार असाल तर ॲपमधलं ट्रान्सपोज बंद ठेवा. कीबोर्ड उणे ३ आणि पानावरचे कॉर्डही उणे ३ असं झालं तर दुहेरी उतरंड.

पानाची मांडणी. पूर्ण गाणं लिहू नका, डोळ्याला सापडेल असं लिहा. मी मुखडा एकदाच पूर्ण लिहितो, परत येतो तिथे फक्त पहिले दोन शब्द. प्रत्येक अंतऱ्याची पहिली ओळ ठळक, रंगीत आणि थोडी मोठी. तुमची दडी मारणारी ओळ तीच. मधलं म्युझिक किती मात्रांचं आहे ते अंतऱ्याच्या आधी लिहितो, कारण गाताना शब्द चुकला तर लोक माफ करतात, म्युझिक संपल्यावर चार मात्रा गप्प राहिलो तर सगळा हॉल आपल्याकडे बघतो.

शोध. फर्माईश मुखड्यावरून येते म्हणून फाइलचं नाव मुखड्याचंच. पण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला की शोधात गाणं सापडत नाही, तेव्हा प्रत्येक गाण्याला क्रमांकही द्या. क्रमांक टाइप करायला अंधारातही सोपा.

पेडल. ब्लूटूथचं दोन बटणांचं पेडल घ्या, पुढचं पान आणि मागचं पान. टॅबला ते बाहेरचा टायपिंग कीबोर्ड वाटतं, म्हणून ते जोडलं की स्क्रीनवरचा कीबोर्ड उगवतच नाही आणि ऐन कार्यक्रमात गाणं शोधता येत नाही. अँड्रॉइडमध्ये बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असतानाही स्क्रीनवरचा दाखवा अशी सेटिंग आहे, ती घरीच चालू करून या.

शेवटचं उन्हाचं. ॲपलने आयपॅड वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा सांगितली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लॉनवर दिवे लागल्यावरही हवा ३५ च्या खाली आलेली नसते. टॅब तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग तो स्वतःच गप्प बसतो. स्टँड हॅलोजनपासून लांब, कव्हर काढून, आणि चार्जिंग कार्यक्रमाआधीच पूर्ण. चार्जिंग लावून वाजवलं तर आणखी तापतो. एअरप्लेन मोड टाका, पण पेडलसाठी ब्लूटूथ परत चालू करायला विसरू नका.

सदरचा साउंडवाला

मी मागे मिक्सरवर उभा असतो, तिथून जे दिसतं ते सांगतो. टॅबचा स्टँड तोंडासमोर लावू नका. लोकांना गायक दिसत नाही, फोटोत काळी पाटी दिसते. कीबोर्डच्या उजव्या कडेला, छातीच्या उंचीवर, थोडा कलता.

आणि यादी सरळ एकामागोमाग एक लावून बसू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ला उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद करावा लागतो. शासन वर्षातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत देतं, पण तुमचं लग्न त्या दिवशी असेलच असं नाही. लॉनवर पावणेदहाला यजमान येतात आणि म्हणतात, "दोन गाणी घ्या आणि संपवा." त्या वेळी यादीत बावीसाव्या गाण्यावरून शेवटच्या दोनवर उडी मारता आली पाहिजे. शेवटची दोन गाणी वेगळ्या बँकेत ठेवा. बंद हॉलमध्ये, सुरेश भट सभागृह किंवा देशपांडे सभागृह अशा ठिकाणी, हा प्रश्न वेगळा, तिथे हॉलची वेळ संपते.

कॉपीपेस्ट

कुणी आपल्या सगळ्या गाण्यांची पीडीएफ इथे टाकू शकेल का? सगळ्यांचाच वेळ वाचेल.

पान उलटा

माफ करा, नाही. एक तर गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांवर त्याचा, त्याच्या वारसांचा किंवा ज्यांना हक्क दिले त्यांचा अधिकार असतो. दुसरं, माझ्या पानावरच्या रंगीत ओळी मी जिथे अडखळतो तिथल्या आहेत. तुम्ही दुसरीकडे अडखळत असाल.

एकटाच ऑर्केस्ट्रा

रविवारी बसून एक नमुना पान केलं. वरची ओळ अशी आहे:

क्र. ११२ / मायनर / मी: काळी एक, अधिक ४ / स्त्री: काळी चार, उणे १ / टेम्पो ९६ / बँक ७, बटण ३ / म्युझिक १६ मात्रा

खाली शब्द, अंतऱ्याच्या पहिल्या ओळी लाल. आता शंका: तो अधिक ४ मी रजिस्ट्रेशनमध्येच सेव्ह करू का? म्हणजे बटण ३ दाबलं की टोन, स्टाइल, टेम्पो आणि पट्टी सगळं एकदम येईल.

बटणबहाद्दर

पान झकास. पण ट्रान्सपोज रजिस्ट्रेशनमध्ये ठेवू नका असं माझं मत.

कारण बघा. तुम्ही आत्याबाईंसाठी उणे १ केलं. मुखडा झाला, अंतऱ्याला संतूरचा टोन हवा म्हणून बटण ४ दाबलं. बटण ४ मध्ये तुमच्या गळ्याचं अधिक ४ सेव्ह आहे. आत्याबाई गाता गाता एकदम पाच सूर वर फेकल्या जातील. यामाहाच्या अरेंजरमध्ये यासाठी फ्रीझ आहे. त्यात ट्रान्सपोजवर खूण करून फ्रीझ चालू ठेवलं की रजिस्ट्रेशन बदललं तरी पट्टी हलत नाही. इतर कंपन्यांच्या अरेंजरमध्येही लॉक या नावाने असली सोय मिळते, मॅन्युअलमध्ये शोधा. पट्टी हाताने द्यायची, पानावर बघून. दोन सेकंद लागतात आणि त्या दोन सेकंदांत गाणाऱ्याकडे एकदा बघून होतं.

उलट बाजूही आहे. फ्रीझ चालू असलं की मागच्या गाण्याची पट्टी पुढच्या गाण्यात तशीच राहते. म्हणून गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या की आधी ट्रान्सपोज शून्य. अधिक-उणे ही दोन बटणं एकदम दाबली की यामाहात शून्य होतं. हाताला ती सवयच लावून घ्या, मग पाणी प्या.

मोबाइलशीट्समधून यूएसबी केबलने कीबोर्डला मिडी संदेश पाठवून गाणं उघडताच बँक बदलायचीही सोय आहे. मी वापरून बघितली, चालते. पण धुळीच्या लॉनवर आणखी एक केबल, आणखी एक कनेक्टर. घरगुती मैफलीला ठीक.

आणि एमपी३ ट्रॅक वाजवून त्यावर गाणारे पाहुणे आले तर लक्षात ठेवा, कीबोर्डचं ट्रान्सपोज त्या ट्रॅकला लागत नाही. त्याची पट्टी प्लेअरच्या पिच शिफ्टमधून वेगळी बदलावी लागते.

ठेकेदार

गाणं चालू असताना शेवटच्या मुखड्याला अधिक १ करून वर चढवणारे महाभाग आहेत. तबला सोबत असेल तर असं कराल तर मी उठून जाईन.

पेटीवाले काका

आता इतकं बटनाचं पुराण झालंच आहे तं एक सांगतो. त्या पानावर वर जी ओळ लिहिली, त्यात सा लिहा. काळी एक, काळी चार हे लिहिलं ते चांगलं केलं. नुसता अधिक ४, उणे १ लिहिणारे पोट्टे दुसऱ्याच्या कीबोर्डवर बसले की अडकतात, कारण मागच्यानं त्यावर काय करून ठेवलं ते त्याईले माहीत नसते. बसल्याबरोबर पांढरी एक दाबा आणि सोबतच्या पेटीशी नाही तं मोबाइलच्या ट्यूनरशी लावून पाहा. मग गाणं.

एकटाच ऑर्केस्ट्रा

काका, हे पटलं. आकडा आणि पट्टी दोन्ही ठेवतो. टॅब घेतोय, पेडल पुढच्या महिन्यात. जास्त मागणीच्या गाण्यांची छापील प्रत चिमटे लावून सोबत राहीलच, लॉनवर वारा असतो.

एकच राहिलं. गणपतीत सोसायटीतले दहा-बारा जण गाणार आहेत. सगळ्यांना रांगेत उभं करून अंतरा म्हणून घेणं जमणार नाही.

गळेपडू

त्यांना रांगेत उभं करू नका, व्हॉट्सॲपवर मागा. सोसायटीच्या ग्रुपवर टाका की गाण्याचं नाव आणि सगळ्यात उंच ओळीचा व्हॉइस मेसेज पाठवा, साथ नको, ट्रॅक नको, उभं राहून म्हणा. बसून म्हटलेलं अर्धा सूर खालचं येतं, निदान माझं तरी येतं. तुम्ही घरी कीबोर्डवर सूर काढा आणि प्रत्येकाच्या नावापुढे पट्टी लिहा. दरवर्षी तेच लोक गातात, यादी पुढच्या वर्षीही चालेल. फक्त शाळकरी मुलगे असतील तर त्यांचं दरवर्षी नव्याने विचारा, आवाज फुटायच्या वयात पट्टी एका वर्षात कुठल्या कुठे जाते.

एकटाच ऑर्केस्ट्रा

आत्ताच ग्रुपवर टाकलं. पहिला मेसेज आलाही, सेक्रेटरी काकांचा. अख्खं गाणं पाठवलंय, ट्रॅकसकट.